पैलतीर नसलेले पाणी

शहापूर आणि मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. ठाणे जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे खाडी, मिठागरे आणि कोळीवाडे उभे राहतात. आमच्या वाट्याला आलेला ठाणे जिल्हा सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे. एका अंगाला माहुलीचा किल्ला, दुसऱ्या अंगाला नाणेघाट आणि मधल्या पट्ट्यात भाताची खाचरे, वरकस जमिनीवरची नागली-वरई, सागाची राने आणि मुंबईची तहान भागवणारी धरणे. आमच्या वर्गांतल्या पुष्कळ मुलामुलींच्या जातीच्या दाखल्यावर ‘कोळी’ हा शब्द असतो. पण ते महादेव कोळी, डोंगरातले. दर्यावरच्या सोनकोळ्यांशी त्यांचे नाते नावापुरतेच. ह्यांतल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दादरच्या चौपाटीवर, नोकरीच्या निमित्ताने मुंबईला गेल्यावर.

अशा ठिकाणी मराठी साहित्य शिकवणाऱ्या आम्हां दोघांना (एक शहापुरात शिकवतो, दुसरी मुरबाडला) वर्गात समुद्र भेटतो तो बहुधा एकाच शब्दातून. तो शब्द म्हणजे ‘भवसागर’. संतकाव्याचा पेपर असो की अलंकारांचा, हा शब्द येतो, त्याच्यामागून नाव, तारू, नावाडी, पैलतीर हा सारा परिवार येतो, ‘संसार हाच सागर’ असे रूपकाचे पृथक्करण फळ्यावर लिहिले जाते आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेपुरते एवढे पुरेसे असते. ह्या परिवारातले पाणी नेमके कुठले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आमच्या वर्गात तो विचारला गेला आणि त्याला निमित्त झाली, आश्चर्य वाटेल, सतराव्या शतकातली काही डच चित्रे.

त्या चित्रांकडे वळण्यापूर्वी एक सांगायला हवे. आमच्याकडे समुद्र नसला तरी समुद्राची वाट आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावावरून नाणेघाटाकडे चढणारी वाट ही सातवाहनांच्या काळापासूनची. कल्याण आणि सोपारा ह्या बंदरांत उतरलेला माल ह्याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे आणि जवळच, जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते, तो दगडी रांजण आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि सोपारा ह्या दोन्ही बंदरांचा उल्लेख येतो. म्हणजे एके काळी समुद्रावर काय बरे-वाईट घडले ह्याची वार्ता आमच्या गावांतून बैलांच्या पाठीवरून वर जात होती. समुद्र आम्हांला परका झाला तो नंतर.

आता चित्रांविषयी. दोन्ही महाविद्यालयांतल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही मिळून एक छोटा अभ्यासवर्ग घेतो. साहित्य आणि इतर कला ह्यांच्या संबंधांवर त्यात बोलणे होते. गेल्या पावसाळ्यात तिथे आम्ही डच सागरचित्रांचा विषय घेतला. तो घेण्याचे कारण सरळ होते. एका लहानशा, समुद्रसपाटीहूनही खाली असलेल्या भूमीवर राहणाऱ्या, व्यापारावर जगणाऱ्या समाजाने सतराव्या शतकात समुद्राचे, आणि विशेषतः समुद्रावरच्या संकटांचे, चित्र हा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण केला. आणि त्या चित्रांतली जहाजे आमच्या किनाऱ्याला अनोळखी नाहीत. १६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष आजही तिथे उभे आहेत आणि शिवकालाच्या अभ्यासकांना त्या वखारीतून गेलेल्या पत्रांचे महत्त्व ठाऊक आहे. ॲमस्टरडॅमच्या ज्या धनिकांच्या दिवाणखान्यात वादळाची चित्रे लागत, त्यांतल्या काहींचे पैसे आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतही गुंतलेले असणार.

ह्या चित्रकारांचे समुद्राशी नाते ऐकीव नव्हते. ह्या परंपरेचा आरंभ ज्याच्यापासून मानतात त्या हार्लेमच्या हेंड्रिक व्रूमची हकिगत कारेल फान मांडरने १६०४ च्या आपल्या चित्रकार-चरित्रग्रंथात दिली आहे. व्रूम पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून कसाबसा वाचला. किनाऱ्यावरच्या लोकांना ही माणसे चाचे असावीत असा संशय आला, पण त्याने सोबत घेतलेली धार्मिक चित्रे वाहत काठाला लागली होती आणि त्यांवरून ह्या माणसांची ओळख पटली. पुढे त्याने त्याच वादळाचे चित्र काढले आणि विकले. थोरला विलेम फान द वेल्डे १६६६ च्या चार दिवसांच्या सागरी लढाईत एका लहान गलबतात बसून, तोफांच्या धुरात, कागदावर जहाजे टिपत होता. त्या रेखाटनांत कुठेकुठे त्याने स्वतःचे गलबतही दाखवले आहे. १६७२-७३ च्या हिवाळ्यात तो आपल्या चित्रकार मुलासह इंग्लंडला गेला आणि ज्या राज्याशी डच लोक लढत होते त्याच राज्याच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने बापलेकांना प्रत्येकी वर्षाला शंभर पौंडांचे वेतन लावून दिले. बापाने सागरी लढाया रेखाटायच्या आणि मुलाने त्यांत रंग भरायचे, अशी ती वाटणी होती. लुडोल्फ बाकहाउझेनविषयी त्याचा चरित्रकार हाउब्राकेन सांगतो की वादळाची चिन्हे दिसली की तो होडी करून खाडीच्या तोंडापर्यंत जाई आणि घाबरलेल्या नावाड्यांनी होडी फिरवली की घरी परतून, कुणाशी न बोलता, पाहिलेले सारे कागदावर उतरवी.

बाकहाउझेनचे १६६७ चे एक चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. खडकाळ किनाऱ्याजवळ संकटात सापडलेली जहाजे, असा त्याचा विषय. ते आम्ही पडद्यावर लावले. काळपट ढग, एका बाजूला फुटलेला उजेड, डोंगराएवढे खडक आणि त्यांच्या दिशेने ढकलली जाणारी जहाजे. पाण्यावर मोडक्या डोलकाठीचे अवशेष तरंगत आहेत. चित्रातल्या संकटाचा कार्यकारणभाव समजावून सांगणे आवश्यक होते, कारण तो आमच्या नेहमीच्या कल्पनेच्या नेमका उलटा आहे. शिडाच्या जहाजाला वादळात सर्वांत मोठे भय खोल समुद्राचे नसते, किनाऱ्याचे असते. वारा जमिनीकडे वाहत असेल तर जहाज जमिनीकडे रेटले जाते. शिडे उतरवली तरी रेटा थांबत नाही, नांगर तळाला धरत नाहीत आणि अखेर वाऱ्याला पकड मिळू नये म्हणून डोलकाठी तोडण्याची वेळ येते. खलाशांना हवे असते ते मोकळे पाणी. जमीन जितकी जवळ, तितका मृत्यू जवळ.

हे सांगून होत असतानाच भातसा धरणाच्या पलीकडच्या एका गावातून येणारा विद्यार्थी म्हणाला, “सर, मग याच्यात पैलतीर कुठंय?”

वर्गात थोडे हसू झाले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तो मुलगा भवसागर शिकून आला होता. त्याने शिकलेल्या समुद्राला दोन तीर होते, ऐल आणि पैल. माणूस ह्या तीरावर उभा, देव त्या तीरावर किंवा नावेत, आणि मधले पाणी ओलांडले की सुटका. समोरच्या चित्रातल्या पाण्याला एकच तीर होता आणि तोच जीव घेत होता. त्याने दोन पाणी शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि ती जुळेनात.

आम्ही त्याच तासाला ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय काढला. गीतेच्या त्या अध्यायात मृत्युरूप संसारसागरातून भक्ताला वर काढण्याचे वचन आहे. मूळ श्लोकात सागर हा शब्द आहे खरा, पण त्यातून माणसे कशी काढली ह्याचा तपशील नाही. तो तपशील ज्ञानदेव भरतात. त्यांचा देव नामाच्या हजारो नावा सज्ज करतो. जे एकटे आहेत त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो, म्हणजे पोहणाऱ्याच्या कमरेला धरून तरून जाण्याची सोय करतो. ज्यांच्यामागे बायकामुलांचा संसार आहे त्यांना तराफ्यावर बसवतो. कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला काठाला आणतो. आम्ही हे वाचले आणि वर्गाला विचारले की ही साधने कुठल्या पाण्यातली? उत्तर द्यायला कुणाला वेळ लागला नाही. पोहणाऱ्याची कास धरणे, तराफा, पोटाला बांधलेला भोपळा किंवा डबा, ही सारी नदी उतरण्याची साधने. काळू नदीच्या, शाई नदीच्या आणि धरणांच्या फुगवट्याच्या काठी राहणाऱ्या मुलांना ती पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. ज्या मुलाने पैलतीराचा प्रश्न विचारला तो स्वतः काही वर्षे हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावरून शाळेत जात होता.

ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला, प्रवरेच्या काठी सांगितली गेली. देहू इंद्रायणीच्या काठी आहे, पैठण गोदावरीच्या, पंढरपूर भीमेच्या. मराठी संतकवितेचा भूगोल हा घाटमाथ्यावरच्या नद्यांचा भूगोल आहे. तिच्यातला सागर हा शब्द संस्कृतातून आला, पण त्या शब्दात भरलेले पाणी पावसाळ्यातल्या नदीचे आहे. तेवढ्यासाठीच त्याला पैलतीर आहे, आणि उताराची वाट ठाऊक असलेला नावाडी आहे. मराठी वाङ्मयाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी बुडिताची कथासुद्धा समुद्रातली नाही. ती तुकोबांच्या गाथेची, इंद्रायणीच्या डोहातली आहे. बुडालेले जिथून वर येऊ शकते अशा पाण्याची ती कथा आहे. किनारा मुळीच न दिसणाऱ्या समुद्राचे भय आणि त्याला दिलेले आव्हान आमच्या विद्यार्थ्यांना शाळेपासून माहीत असते ते कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तील (१९४२) कोलंबसाच्या गर्वगीतातून, आणि तिथे बोलणारा दर्यावर्दी परदेशी आहे, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

ह्यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की महाराष्ट्राला समुद्रावरच्या संकटाचे चित्रच काढता आले नाही. तो बरोबर ठरणार नाही. चित्र काढले गेले. ते कवितेत नाही, दगडात आणि भिंतीवर आहे. आणि त्याचा आरंभ आमच्याच जुन्या जिल्ह्यात आहे. सोपारा २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेले, त्यापूर्वी ते ठाण्यातच होते. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेल. ह्याच शूर्पारकाच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा ‘दिव्यावदान’ ह्या बौद्ध ग्रंथात आहे. पूर्ण भिक्षू होतो. त्याचा भाऊ चंदनाच्या शोधात समुद्रावर जातो. चंदनवनाचा रक्षक यक्ष कोपून वादळ उठवतो आणि बुडण्याच्या बेतातले ते जहाज पूर्ण आकाशमार्गाने येऊन वाचवतो. परतल्यावर त्याच चंदनाचा विहार सोपाऱ्याला बांधला जातो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या भिंतीवर हे जहाज रंगवलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, शिडे आहेत, पुढच्या टोकावर डोळा काढलेला आहे आणि मागच्या बाजूला पाण्याचे रांजण ओळीने मांडले आहेत. रांजण काढणाऱ्या त्या चित्रकाराला खाऱ्या पाण्यावर गोडे पाणी किती मोलाचे असते हे माहीत असले पाहिजे. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे आणि तिथे तर जहाज फुटतेच.

ह्याच काळातल्या लेण्यांत अवलोकितेश्वराचे एक शिल्प पुन्हा पुन्हा भेटते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात ते विशेष ठसठशीत आहे. मध्यभागी उंच, शांत बोधिसत्त्व आणि त्याच्या दोन्ही अंगांना लहान लहान चौकटींत माणसावर येणारी आठ संकटे कोरलेली: आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, हत्ती, मृत्यू आणि जहाज बुडणे. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यातही अशीच संकटमालिका आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे म्हणून कल्याणच्या माणसांची नावे येतात, हे लक्षात घेतले म्हणजे ती जहाजाची चौकट कुणाच्या मनातल्या भयातून आली असेल ह्याची कल्पना करता येते.

विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही कान्हेरी आणि बोरिवलीचेच एकसर ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहिली. मुरबाडची मुले एस.टी.ने कल्याणला आली, शहापूरची आसनगावहून लोकलने. दादरला गाडी बदलून सारे बोरिवलीला पोचलो. कान्हेरीच्या त्या शिल्पासमोर आम्ही रेम्ब्रांटची आठवण काढली. त्याचे १६३३ चे ‘गॅलिलीच्या समुद्रावरील वादळ’ हे एकमेव ज्ञात सागरचित्र १८ मार्च १९९० रोजी बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून चोरीला गेले आणि अद्याप सापडलेले नाही. भिंतीवर त्याची रिकामी चौकट तेवढी लावलेली आहे. त्या चित्रात तारणारा येशू बुडू घातलेल्या नावेतच बसलेला आहे, शिष्यांच्याच आकाराचा, आणि नावेत येशू व बारा शिष्यांखेरीज जो चौदावा माणूस दोर धरून आपल्याकडे पाहतो तो खुद्द चित्रकार आहे असे मानतात. कान्हेरीला तारणारा नावेबाहेर आहे आणि नाव त्याच्या गुडघ्याच्याही उंचीची नाही. डच चित्र पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की आता काय होणार. लेण्यातले शिल्प पाहणाऱ्याला तो पडत नाही. हाक मारली की सुटका होणार, हे शिल्पाच्या मांडणीतच ठरलेले आहे. दोन्हींत संकट खरे आहे. फरक इतकाच की एकात ते अजून चालू आहे आणि दुसऱ्यात त्याचे उत्तर आधीच उभे आहे.

एकसरच्या वीरगळांत मात्र असे उत्तर नाही. तिथल्या सहा कोरीव शिळांची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. तेव्हा भोवती आंबराई आणि तळे होते, आज इमारती दाटल्या आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. ह्यांतल्या काहींवर खालच्या पट्टीत उंच नाळेची गलबते आहेत, एकेक डोलकाठीची, कडेला वल्ह्यांची रांग असलेली. त्यांवर लढणारी माणसे आहेत, पाण्यात पडलेली माणसे आहेत. वरच्या पट्ट्यांत मेलेल्या वीराला स्वर्गात नेले जाते आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो. ह्या शिळांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कुणी त्यांना अकराव्या शतकाच्या आसपास नेतात, तर कुणी त्यांचा संबंध १२६५ च्या सुमाराला देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा केलेल्या पराभवाशी जोडतात. सोमेश्वर त्या लढाईत समुद्रात बुडून मेला.

ह्या बुडण्याची दुसरी नोंद महादेवाच्या दरबारातल्या हेमाद्री पंडिताच्या संस्कृत प्रशस्तीत आहे. महादेवाच्या कोपाग्नीत सापडण्यापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पत्करले, अशा आशयाची कल्पना त्यात आहे. अलंकारशास्त्राच्या दृष्टीने ती सुरेख आहे; अग्नी आणि जल ह्यांचा विरोध तिच्यात नेमका साधला आहे. पण त्या श्लोकात लाट नाही, वल्हे नाही, राजाबरोबर बुडालेले खलाशी तर नाहीतच. घाटावरच्या राजसभेत बसून पाहिले की समुद्रावरचे मरण असे दिसते. एकसरच्या पाथरवटाने मात्र वल्ही एकेक करून कोरली. ह्या शिळा त्याच युद्धाच्या असोत की दुसऱ्या, बुडालेल्यांपैकी कुणाच्या तरी घरच्यांनी किंवा स्वामींनी त्या उभ्या केल्या आणि आपला माणूस कशात बसून गेला हे नीट दिसावे अशी त्यांची इच्छा असणार. यादवकाळातल्या मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आम्ही हेमाद्रीचे नाव सांगतो. एकसरच्या पाथरवटाचे नाव कुणालाच ठाऊक नाही आणि त्याच्या कामाला अभ्यासक्रमात जागा नाही.

त्या शिळांसमोर मुरबाडकडची एक विद्यार्थिनी बराच वेळ उभी होती. ती चार-पाच वर्षांची असताना तिचे वडील पावसाळ्यात ओढा उतरताना वाहून गेले. परतताना ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं बुडून गेलेल्याचं कुणी असं काढत नाही. नुसतं म्हणतात, पाण्यानं नेलं.”

ह्या वाक्याने आमचा पुढचा विचार ठरवला. ‘पाण्याने नेले’ हे वाक्य मराठीत सर्वत्र ऐकू येते आणि त्यात कर्ता पाणी आहे. माणूस, दोर, पूल, होडी, वेळ, ह्यांपैकी काहीही त्यात नाही. अगदी अलीकडच्या मोठ्या दुर्घटनाही आपण अशाच आठवतो. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली एक आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिच्यात लग्नाची वऱ्हाडे होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलेही होती, असे सांगतात. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. पण तिचे खरे नाव होते ‘वैतरणा’. हेच आमच्या शहापूर तालुक्यातून वाहणाऱ्या आणि मोडकसागराच्या धरणाने अडवलेल्या नदीचे नाव, आणि त्याच्यामागे पुराणातली वैतरणी, मेलेल्याला ओलांडावी लागणारी नदी. गुजराती लोकगीतांनी ती बोट सांभाळली आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट रेवस जवळ आले असताना उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांना मच्छिमारांच्या होड्यांनी उचलले. मोकळ्या समुद्रात नव्हे, किनारा जवळ असताना. बाकहाउझेनच्या चित्राचा कार्यकारणभाव ज्याने समजून घेतला आहे त्याला ह्याचे नवल वाटणार नाही. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. त्या धामधुमीत एवढी मोठी घटना मागे पडली, आणि मराठी साहित्यात आजही तिची जागा फार लहान आहे.

डच चित्रांचे गुणगान करणे हा आमचा हेतू नाही. वादळाची ती चित्रे ज्यांच्या घरांत लागली त्यांतले कित्येक स्वतः कधी वादळात सापडले नसतील. जहाजावर दुसऱ्याचा जीव आणि आपला पैसा, अशीच ती वाटणी होती. शिवाय त्यांच्याही चित्रांत जहाज म्हणजे माणसाचे आयुष्य, खडक म्हणजे मोह, उजेड म्हणजे ईश्वरी कृपा, असा रूपकाचा थर आहे आणि त्या काळचे प्रेक्षक तो वाचीत. मुद्दा एवढाच की त्यांनी रूपक केले तरी दोर सोडला नाही. अर्थ घ्या किंवा घेऊ नका, नांगराची साखळी कुठे आहे हे चित्रात दिसते. आपल्या संतकवींनीही दोर सोडला नव्हता. कास, तराफा आणि पोटाला बांधलेली पेटी ह्यांची नावे घेऊन त्यांनी आपल्या काठचे पाणी जसेच्या तसे कवितेत आणले. तो सुटतो फळ्यावर, ‘उपमेय संसार, उपमान सागर’ असे लिहिताना. कवीने पाहिलेली नदी तिथे गळून पडते आणि उरतो तो कुणीच न पाहिलेला सागर.

साहित्याच्या अभ्यासात हे किरकोळ वाटेल. आमच्या मुलांच्या बाबतीत ते किरकोळ नाही. शहापूरच्या धरणांतून मुंबईला पाणी जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. पावसाळ्यात त्याच पाड्यांचा रस्ता ओढ्याखाली जातो. पाणी हा ह्या मुलांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विषय आहे, आणि साहित्याच्या वर्गात तोच विषय ‘भवसागर’ होऊन समोर येतो तेव्हा त्यांना वाटते, हे आपल्याविषयी नाही. वास्तविक ती कविता त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाच्याही जवळची नाही. मुंबईच्या वर्गात बसलेल्या मुलाला कासेला लागणे म्हणजे काय ते टीपेत वाचावे लागेल. आमच्या मुलांना नाही. त्यांच्या हाती अशी किल्ली असताना तिचा उपयोग करायला शिकवणे हे मराठीच्या अध्यापकाचेच काम आहे.

म्हणून हल्ली अभ्यासवर्गाच्या अखेरीस आम्ही एक लेखन सांगतो. पाण्याचे कोणतेही एक संकट लिहा. त्यात देव, नशीब, संसार हे शब्द नकोत. पाणी कुठपर्यंत होते, पायाखाली काय होते, हातात काय होते, कोण कुठे उभे होते, एवढेच लिहा. त्या विद्यार्थिनीने दोन पाने लिहिली. लहानपणी पाहिलेले तिला फारसे आठवत नव्हते. आईला आणि चुलत्यांना विचारून, पुन्हा त्या ओढ्यावर जाऊन तिने ती लिहिली. वडील बाजारातून येत होते. खांद्यावर बियाण्याचे पोते होते, ते त्यांनी टाकले नाही. ओढ्यात दोन मोठे दगड आहेत. पहिल्या दगडापर्यंत ते आले. पलीकडे चुलते कंदील घेऊन उभे होते आणि त्यांना वडिलांचा चेहरा दिसत होता.

ही पाने तिने वर्गात वाचली नाहीत, आम्हीही आग्रह केला नाही. तिने ती आईला वाचून दाखवली, एवढे नंतर कळले. त्यांत पैलतीर हा शब्द आला आहे, एकदाच, आणि कंदील जिथे होता त्या जागेसाठी आला आहे.